बाजाराची खोली : मॉरिशस आणि भूतान या दोन लहान देशांच्या वित्तीय बाजारांची तुलना

उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपल्याला :
• ‘बाजाराची खोली’ या संज्ञेचे दोन अर्थ सांगता येतील.
• बाजाराचा आकार आणि बाजाराची खोली यांतील फरक उदाहरणासह स्पष्ट करता येईल.
• मॉरिशस व भूतान यांच्या वित्तीय बाजारांची तुलना करता येईल.
• आर्थिक विषयावरील मराठी मजकूर वाचताना त्यातील पारिभाषिक शब्दांची चिकित्सा करता येईल.

१. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, उपयोजित मराठीच्या या अभ्यासक्रमात आपण वैज्ञानिक आणि प्रशासकीय लेखनाचा विचार केला. प्रस्तुत घटकात आर्थिक विषयावरील स्पष्टीकरणात्मक लेखनाचा विचार करावयाचा आहे. त्यासाठी ‘वित्तीय बाजाराची खोली’ ही एकच संकल्पना निवडली आहे. आपल्यापैकी अनेक जण दिवसा नोकरी करून संध्याकाळी अभ्यास करतात. भविष्य निर्वाह निधी, विमा, म्युच्युअल फंडाचा मासिक हप्ता या मार्गांनी आपली बचत कोणत्या ना कोणत्या बाजारात गुंतलेली असते. त्या बाजाराविषयी आपल्या भाषेत नेमका प्रश्न विचारता येणे ही केवळ परीक्षेपुरती गोष्ट नाही.

तुलनेसाठी मॉरिशस आणि भूतान हे दोन देश घेतले आहेत. दोन्ही देश लोकसंख्येने लहान आहेत. मॉरिशसची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास, तर भूतानची आठ लाखांपेक्षा कमी आहे. २०११च्या जनगणनेनुसार एकट्या मुंबई उपनगर जिल्ह्याची लोकसंख्या ९३ लाखांहून अधिक होती. म्हणजे अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ज्या जिल्ह्यात येतात, त्याच्या एक चतुर्थांशाहूनही कमी माणसे या दोन देशांत मिळून राहतात. दोन्ही देशांचा मुंबईशी आर्थिक संबंध आहे. मॉरिशसशी तर मराठी भाषेचेही नाते आहे. एकोणिसाव्या शतकात रत्नागिरी व कोकणच्या अन्य भागांतून करारबद्ध मजूर म्हणून तेथे गेलेल्या कुटुंबांचे वंशज आजही स्वतःला मराठी म्हणवतात.

२. ‘खोली’ या शब्दाविषयी

संकल्पनेकडे वळण्यापूर्वी शब्दाकडे पाहू. मराठीत ‘खोल’ या विशेषणापासून ‘खोली’ हे भाववाचक नाम होते : विहिरीची खोली, जखमेची खोली. परंतु मुंबईकराच्या कानाला ‘खोली’ म्हणताच प्रथम आठवते ती राहण्याची जागा. ‘बाजारातील खोली’ असे लिहिले, तर वाचकाला मंडईतील एखादे गोदाम वाटण्याचा संभव आहे. म्हणून काही लेखक ‘सखोलता’ हा शब्द योजतात. ‘गहनता’ हा पर्यायही सुचतो. पण तो तत्त्वचिंतनाच्या क्षेत्राकडे झुकतो आणि त्यातून मोजमापाचा अर्थ निसटतो. विहिरीची खोली हाताने, दोराने मोजता येते. बाजाराची खोलीही मोजण्याची गोष्ट आहे. म्हणून ‘खोली’ हाच शब्द येथे स्वीकारला असून तो ‘बाजाराची खोली’ असा षष्ठी विभक्तीतच वापरला आहे, म्हणजे संदिग्धता उरत नाही.

‘वित्तीय बाजार’ ही व्यापक संज्ञा आहे. तिच्या पोटात अल्प मुदतीच्या कर्जव्यवहाराचा नाणेबाजार, दीर्घ मुदतीचा भांडवल बाजार, सरकारी व खासगी रोख्यांचा बाजार आणि शेअर बाजार हे सर्व येतात. बातम्यांत ‘बाजार’ म्हणजे बहुधा केवळ शेअर बाजार असतो. तुलना करताना हा भेद विसरू नये.

३. बाजाराची खोली म्हणजे काय?

या संज्ञेचे दोन अर्थ प्रचलित आहेत आणि ते एकमेकांत मिसळल्याने बराच गोंधळ होतो.

(अ) देशाच्या पातळीवरील अर्थ : देशाच्या एकूण उत्पन्नाच्या मानाने तेथील वित्तव्यवस्था किती विस्तारली आहे, हे या अर्थाने पाहिले जाते. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ एडवर्ड शॉ यांनी १९७३मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथामुळे वित्तव्यवस्था ‘खोल होत जाणे’ ही कल्पना विकासाच्या अर्थशास्त्रात रुजली. खासगी क्षेत्राला मिळालेल्या कर्जाचे सकल देशांतर्गत उत्पादनाशी असलेले प्रमाण आणि शेअर बाजारातील कंपन्यांच्या एकूण बाजारमूल्याचे त्या उत्पादनाशी असलेले प्रमाण, ही यासाठी वापरली जाणारी दोन परिचित मापे होत.

(आ) व्यवहाराच्या पातळीवरील अर्थ : एखाद्याने मोठी खरेदी किंवा विक्री केली असता भाव किती हलतो, हे या अर्थाने पाहिले जाते. अल्बर्ट काइल यांनी १९८५मध्ये बाजाराच्या रोकडसुलभतेची तीन अंगे वेगळी करून मांडली. पहिले अंग म्हणजे खरेदीच्या व विक्रीच्या भावांतील अंतर. दुसरे म्हणजे भाव हलवण्यासाठी किती मोठा व्यवहार लागतो, अर्थात खोली. आणि तिसरे म्हणजे धक्का बसल्यानंतर भाव किती लवकर सावरतो.

दुसरा अर्थ एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एका व्यक्तीजवळ एका कंपनीचे १००० शेअर आहेत आणि शेवटचा सौदा १०० रुपयांना झाला आहे. कागदावर तिची मालमत्ता १,००,००० रुपये आहे. तिला आज सर्व शेअर विकायचे आहेत.

पहिल्या बाजारात ९९ रुपये भावाने ५००० शेअर घेण्यास गिऱ्हाईक उभे आहे. तिचे सर्व शेअर ९९ रुपयांनी जातात आणि हाती ९९,००० रुपये येतात.

दुसऱ्या बाजारात ९९ रुपयांना केवळ १०० शेअरचे गिऱ्हाईक आहे. पुढे ९७ रुपयांना २००, ९२ रुपयांना ३०० आणि ८५ रुपयांना ४०० शेअरचे गिऱ्हाईक आहे. सर्व शेअर विकल्यावर अनुक्रमे ९,९००, १९,४००, २७,६०० आणि ३४,००० असे एकूण ९०,९०० रुपये मिळतात. दोन्ही बाजारांत भाव १०० रुपयेच दिसत होता. तरी दुसऱ्या बाजारात ८,१०० रुपये कमी मिळाले. शिवाय शेवटचा सौदा ८५ रुपयांना झाल्यामुळे इतर सर्व भागधारकांची मालमत्ताही कागदावर घटली.

हे आपल्या अनुभवापासून दूर नाही. मुलुंडमधील चाळीतल्या एखाद्या खोलीची किंमत आजूबाजूच्या व्यवहारांवरून कोणीही सांगेल. पण घरात आजारपण आले आणि ती आठ दिवसांत विकायची वेळ आली, तर सांगितलेली किंमत हाती येईलच असे नाही, कारण त्या आठ दिवसांत दारात येणारे गिऱ्हाईक एखादेच असते. भाव म्हणजे झालेल्या सौद्याची नोंद. खोली म्हणजे पुढचा सौदा होण्याची शक्यता. भाव वर्तमानपत्रात छापून येतो, खोलीचा अनुभव मात्र विकायला गेल्यावरच येतो.

४. मॉरिशस : व्यापाराच्या जुन्या पायावरचा बाजार

मॉरिशस १२ मार्च १९६८ रोजी स्वतंत्र झाला. पण तेथील वित्तसंस्था त्याहून पुष्कळ जुन्या आहेत. मॉरिशस कमर्शियल बँक १८३८ची आणि वाणिज्य मंडळ १८५०चे. यामागचे कारण म्हणजे ऊस. साखर निर्यात करणाऱ्या बेटाला जहाजे, विमा, हंगामी कर्ज यांची गरज होती. भारतातून नेलेल्या मजुरांच्या श्रमावर ही साखर पिकली. ते जेथे उतरले तो पोर्ट लुई येथील आप्रवासी घाट २००६पासून जागतिक वारसा स्थळ आहे.

शेअर बाजार मात्र उशिरा आला. १९८८च्या कायद्यान्वये १९८९मध्ये पोर्ट लुई येथे तो सुरू झाला, तेव्हा केवळ पाच कंपन्यांची नोंदणी होती. आरंभी व्यवहार आठवड्यातून एकदाच होत. १९९४मध्ये परकीय गुंतवणूकदारांना प्रवेश मिळाला. १९९७पासून रोज व्यवहार होऊ लागले आणि २००१मध्ये संगणकीय प्रणाली आली. २००६मध्ये लहान व नव्या कंपन्यांसाठी वेगळा विभाग उघडण्यात आला. साखर कंपन्या, बँका, विमा, हॉटेले अशा अनेक क्षेत्रांतील कंपन्या आज तेथे नोंदलेल्या आहेत. सरकारी हुंड्या व रोखे यांचे लिलाव तेथील मध्यवर्ती बँक नियमितपणे करते.

मॉरिशसचे नाव मुंबईत ऐकू येते ते मात्र वेगळ्या कारणाने. भारत व मॉरिशस यांच्यात १९८२मध्ये दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार झाला. त्यानुसार मॉरिशसच्या रहिवासी कंपनीने भारतीय शेअर विकून मिळवलेल्या नफ्यावर भारतात कर लागत नसे आणि मॉरिशसमध्येही असा कर नव्हता. भारताने १९९०च्या दशकात परकीय गुंतवणुकीस दार उघडल्यावर जगभरचा पैसा या बेटामार्गे दलाल स्ट्रीटकडे येऊ लागला. अनेक वर्षे भारतातील थेट परकीय गुंतवणुकीचा सर्वांत मोठा स्रोत म्हणून कागदोपत्री मॉरिशसचीच नोंद होत असे. मे २०१६मध्ये करारात दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०१७पासून घेतलेल्या शेअरवरील नफ्यावर कर आकारण्याचा अधिकार भारताला मिळाला.

येथे आपल्या विषयाचा गाभा येतो. एवढा पैसा गेला-आला म्हणून पोर्ट लुईचा शेअर बाजार तितका खोल झाला का? नाही. या पैशामुळे तेथील लेखापाल, वकील, बँका यांना काम मिळाले, उत्पन्न वाढले. पण तो पैसा तेथील शेअर घेण्यासाठी आलेला नव्हता. नळातून कितीही पाणी वाहिले, तरी शेजारच्या विहिरीची खोली वाढत नाही. वित्तीय केंद्र असणे आणि खोल बाजार असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

५. भूतान : बँकांच्या आधारावरचा बाजार

भूतानची कथा निराळी आहे. तेथे वसाहतीचा व्यापार नव्हता, बंदर नव्हते. बँक ऑफ भूतान १९६८मध्ये स्थापन झाली आणि पुढे तिच्या उभारणीत भारतीय स्टेट बँकेचा भागीदार म्हणून सहभाग राहिला. ङुल्त्रुम हे स्वतंत्र चलन १९७४मध्ये आले. त्याचे मूल्य भारतीय रुपयाबरोबर एकास एक असे बांधलेले आहे. मध्यवर्ती बँकेचे कार्य करणारे रॉयल मॉनेटरी ऑथॉरिटी १९८२मध्ये अस्तित्वात आले.

थिंफू येथील शेअर बाजार १९९३चा, म्हणजे मॉरिशसपेक्षा अवघ्या चार वर्षांनी धाकटा. असे असूनही नोंदलेल्या कंपन्यांची संख्या वीसच्या आसपासच राहिली आहे. त्यांत बँका, विमा कंपन्या, सिमेंट, कार्बाइड, मिश्रधातू यांचे कारखाने आहेत. भूतानचा सर्वांत मोठा उद्योग जलविद्युत आहे आणि त्या विजेची मोठी खरेदी भारत करतो. परंतु ही वीज निर्माण करणारी मुख्य कंपनी संपूर्णपणे सरकारी मालकीची आहे; तिचे शेअर बाजारात नाहीत. देशातील सर्वांत मोठी संपत्तीच बाजाराबाहेर असल्यावर बाजार खोल होण्यास जागा कमी उरते.

दुसरे कारण भागधारकांच्या सवयीचे आहे. कंपन्या थोड्या, त्यांपैकी काही नियमित लाभांश देणाऱ्या. अशा वेळी ज्याच्या हाती शेअर आला तो जपून ठेवतो. विक्रेता नाही म्हणून सौदा नाही आणि सौदा नाही म्हणून नवा गिऱ्हाईक येत नाही, असे हे चक्र आहे. तिसरे कारण म्हणजे हा बाजार दीर्घकाळ भूतानी गुंतवणूकदारांपुरता मर्यादित राहिला. रोख्यांचा बाजारही तरुण आहे. सरकारने देशांतर्गत दीर्घ मुदतीचे रोखे प्रथम आणले ते २०२०मध्ये.

मात्र भूतानची वित्तव्यवस्था सर्वार्थाने उथळ आहे, असे म्हणणे चूक ठरेल. तेथील बँकांनी घरबांधणी, वाहने, पर्यटन यांना भरपूर कर्ज दिले. पहिल्या अर्थाने, म्हणजे कर्जाच्या प्रमाणाने, व्यवस्था विस्तारत गेली. त्याची दुसरी बाजू २०१२मध्ये दिसली. कर्जावर घेतलेल्या वस्तू बहुतांशी भारतातून येत, त्यांचे मोल रुपयांत चुकवावे लागे. रुपयांचा तुटवडा पडला आणि मध्यवर्ती बँकेला वाहनांसाठीच्या व घरबांधणीच्या कर्जांवर निर्बंध घालावे लागले. बाजार उथळ असेल तर असा धक्का अनेक गुंतवणूकदारांत वाटला जात नाही. तो सरळ बँकांवर आणि कर्जदारांवर येतो.

६. तुलना

(१) ऐतिहासिक पाया : मॉरिशसला साखरेच्या व्यापारामुळे दीडशेहून अधिक वर्षांची बँकिंग परंपरा मिळाली. भूतानची आधुनिक वित्तव्यवस्था १९६८नंतरची आहे.

(२) नोंदलेली संपत्ती : मॉरिशसचे प्रमुख खासगी उद्योग शेअर बाजारात आहेत. भूतानची प्रमुख संपत्ती, म्हणजे जलविद्युत, बाजाराबाहेर आहे.

(३) सहभागी : मॉरिशसच्या बाजारात १९९४पासून परकीय गुंतवणूकदार येऊ शकतात. भूतानचा बाजार प्रामुख्याने देशांतर्गत राहिला.

(४) व्यवहाराची वारंवारता : दोन्हीकडे सौदे कमी होतात. मॉरिशसमध्येही एखाद्या मोठ्या बँकेचे शेअर सतत हलतात आणि अनेक कंपन्यांचे क्वचितच. म्हणजे देशाच्या पातळीवर मॉरिशस बराच खोल दिसला, तरी व्यवहाराच्या पातळीवर फरक तेवढा मोठा राहत नाही.

(५) धोक्याचा मार्ग : मॉरिशसला चिंता बाहेरच्या करारांची व कायद्यांची, कारण त्याचे वित्तीय केंद्र त्यांवर उभे आहे. भूतानला चिंता बँकांवरील एकवटलेल्या भाराची आणि रुपयाच्या उपलब्धतेची.

यातून एक निष्कर्ष निघतो. लहान देशाचा बाजार केवळ लहान असल्यामुळे उथळ नसतो. कोणती संपत्ती विक्रीस आहे, विकत घेणारे किती व किती भिन्न मतांचे आहेत आणि त्यांच्यात व्यवहार किती वेळा होतो, यांवर खोली ठरते. एकाच वेळी सर्वांना विकायचे असेल, तर मोठा बाजारही उथळ होतो. दसऱ्याच्या सकाळी बोरिवली स्थानकाबाहेर झेंडूला हवा तो भाव मिळतो. संध्याकाळी ढीग तेवढाच असला तरी गिऱ्हाईक नाहीसे होते.

७. ही तुलना आपल्या कशी उपयोगाची?

मुंबईतील वाचकाला वाटेल की, १८७५पासून शेअर बाजार असलेल्या शहराला या चर्चेचे काय? पण खोल सरोवरालाही उथळ काठ असतात. मुंबईच्या बाजारात हजारो कंपन्या नोंदलेल्या आहेत. त्यांपैकी आघाडीच्या कंपन्यांचे शेअर क्षणात विकले जातात. पण तळाच्या कित्येक कंपन्यांत दिवसभरात मोजकेच सौदे होतात. अशा शेअरचा भाव पडू लागला की तो ‘लोअर सर्किट’ला, म्हणजे त्या दिवसाच्या किमान मर्यादेला टेकतो; विकणाऱ्यांची रांग लागते आणि घेणारा कोणी नसतो. लोकल गाडीत कोणी तरी ‘हा शेअर चार महिन्यांत दुप्पट झाला’ असे सांगतो, तेव्हा तो भावाविषयी बोलत असतो. विचारायचा प्रश्न दुसराच आहे : ‘मला विकायचा झाला तर घेणार कोण आणि किती जण?’

हा प्रश्न विचारण्यासाठी वाणिज्य शाखेची पदवी लागत नाही. ‘भाव’ आणि ‘खोली’ हे दोन शब्द मनात वेगळे ठेवावे लागतात. परिभाषा कठीण असते म्हणून सामान्य माणूस आर्थिक निर्णय दुसऱ्यावर सोपवतो, असा आपला समज आहे. पुष्कळदा परिभाषा कठीण नसते. ती आपल्या भाषेत कोणी समजावून दिलेली नसते. भाव, सौदा, गिऱ्हाईक, तेजी, मंदी, आवक, दलाली हे शब्द मराठी माणूस मंडईत रोज वापरतो. त्याच शब्दांच्या आधाराने वित्तीय बाजाराचे स्पष्टीकरण करता येते, हे मराठीच्या अभ्यासकाने ओळखले पाहिजे.

८. सारांश

‘बाजाराची खोली’ या संज्ञेचा एक अर्थ देशाच्या उत्पन्नाच्या मानाने वित्तव्यवस्थेचा विस्तार असा आहे. दुसरा अर्थ भाव न मोडता मोठा व्यवहार पार पडण्याची क्षमता असा आहे. मॉरिशस पहिल्या अर्थाने भूतानपेक्षा खोल आहे. त्यामागे व्यापाराचा इतिहास, नोंदलेले खासगी उद्योग आणि परकीयांना असलेला प्रवेश ही कारणे आहेत. भूतानमध्ये बँका प्रभावी आणि शेअर बाजार मर्यादित आहे. दुसऱ्या अर्थाने दोन्ही बाजारांत अनेक शेअर उथळच आहेत. बाहेरून वाहून जाणारा पैसा बाजाराला खोल करत नाही आणि दिसणारा भाव हातात येणाऱ्या रकमेची हमी देत नाही.

९. पारिभाषिक शब्द

रोकडसुलभता : मालमत्तेचे लवकर आणि फारसे नुकसान न होता रोख रकमेत रूपांतर करता येण्याचा गुण. यासाठी ‘तरलता’ हा शब्दही रूढ आहे.
एकूण बाजारमूल्य : कंपनीच्या सर्व शेअरची संख्या गुणिले चालू भाव.
लाभांश : कंपनीने नफ्यातून भागधारकांना दिलेला वाटा.
रोखे : ठरावीक मुदतीने व व्याजाने परतफेड करण्याचे वचन देणारे कर्जपत्र.

१०. स्वाध्याय

(अ) ‘बाजाराची खोली’ या संज्ञेचे दोन अर्थ सांगून त्यांतील फरक स्पष्ट करा.
(आ) ‘वित्तीय केंद्र असणे आणि खोल बाजार असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.’ मॉरिशसच्या संदर्भात चर्चा करा.
(इ) भूतानमधील शेअर बाजार मर्यादित राहण्याची तीन कारणे लिहा.
(ई) विभाग ३मधील उदाहरणात त्या व्यक्तीने केवळ ३०० शेअर विकले असते, तर दोन्ही बाजारांत तिला प्रत्येकी किती रक्कम मिळाली असती? उत्तरावरून खोलीविषयी काय सांगता येईल?
(उ) क्षेत्रीय कार्य : आपल्या परिसरातील भाजी मंडईला किंवा फूलबाजाराला सकाळी व रात्री भेट द्या. विक्रेत्यांच्या बोलण्यातील भाव, आवक व गिऱ्हाईक यांविषयीचे शब्द नोंदवा आणि त्यांच्या आधारे ‘बाजाराची खोली’ ही संकल्पना दोनशे शब्दांत समजावून सांगा.